रोजच्या गाडीसाठी टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड किती घ्यावा? 2400 की 3000?

तुम्ही लिहिलंय, कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) थोडा वाढीव आहे, गाडी रोज वापरता आणि ‘मित्राच्या गाडीत 3000 चा आहे, मस्त चालतो, तोच मागवू का?’ नका मागवू. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग, आणि स्टॉल म्हणजे गाडी अडवून पाय पूर्ण दाबला तर इंजिन ज्या आरपीएमवर अडकतं तो आकडा. 3000 कुठल्या इंजिनामागे, ते आधी मित्राला विचारा.

याच एका वाक्यापायी माझं आणि थोरल्या भावाचं दोन वर्षं बिनसलं होतं. त्याच्या गाडीत सहा सिलिंडरचं इंजिन, टॉर्क जेमतेम 300 न्यूटन मीटर. तिचा 2600 चा कन्व्हर्टर काढून ठेवलेला. माझं व्ही-8, टॉर्क 500 च्या आसपास, गिअरबॉक्स दोघांचा एकाच जातीचा. दादा म्हणाला, “घेऊन जा, पडूनच आहे. रोजच्या गाडीला 2600 म्हणजे काही जास्त नाही.” फुकट मिळतंय म्हटल्यावर मीही डोकं चालवलं नाही.

बसवला. सिग्नलवरून निघताना इंजिन आधी ओरडायचं, गाडी मग सावकाश मागून यायची. चढावर अर्धा ॲक्सिलरेटर दिला की काटा 2800 वर जाऊन बसायचा आणि वेग होता तिथेच. आठवड्याभरात गिअरबॉक्सची डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवली, तर लाल डागाऐवजी तपकिरी, वर जळका वास. ऑइलचा टेम्परेचर मीटर लावला. चढ संपेपर्यंत 130 अंश. दादा म्हणे, मीटर खोटं सांगतोय.

मग स्टॉल मोजायला बसलो. ब्रेक दाबून पाहिलं तर मागची चाकंच जागेवर फिरायला लागली, आकडा मिळेना. (असं करणार असाल तर पाच सेकंदांच्या वर नको, ऑइल उकळतं.) शेवटी तिसऱ्या गिअरला अगदी हळू चालत असताना पाय पूर्ण दाबला. काटा उडी मारून 3300 ला टेकला. दादा म्हणे, आरपीएमचा काटाही खोटा.

काटा खरा होता. स्टॉलचा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतोच, तो कन्व्हर्टर आणि इंजिन यांच्या जोडीचा असतो. टर्बाइन (कन्व्हर्टरमधला गिअरबॉक्सकडचा पंखा) थांबलेलं असताना इम्पेलर (इंजिनाकडचा पंखा) फिरवायला लागणारा टॉर्क आरपीएमच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. म्हणजे उलट बाजूने वर्गमूळ घ्यायचं. 500 भागिले 300, त्याचं वर्गमूळ 1.29, गुणिले 2600, झाले साधारण 3350. हे कागदावर करून दाखवलं. दादाने कागदाची घडी घालून खिशात टाकली आणि विषय बदलला.

त्यात माझा डिफरन्शियल 3.08 चा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 3.08 फेरे), टायरचा व्यास 66 सेंटिमीटर, टॉप गिअर एकास एक, लॉकअप (घसरण थांबवून इंजिन थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच) नाही. ताशी 90 ला कन्व्हर्टरची घसरण न धरता इंजिन 2230 वर, म्हणजे स्टॉलच्या बरंच खाली. असल्या गाडीत 3300 चा स्टॉल म्हणजे पेट्रोल जाळून ऑइल तापवायचा धंदा.

तर तुमचं. कॅम थोडाच वाढीव असेल तर 2400 पुरे. डिफरन्शियल 3.7 च्या पुढे असेल किंवा लॉकअप असेल तर 2800 पर्यंतही चालून जाईल. कॅम इतका मोठा असेल की ‘डी’ मध्ये टाकून ब्रेकवर उभं राहिलं की इंजिन धापा टाकत बंद पडतं, तर मात्र वर जावंच लागतं, तिथे काटकसर नको. बनवणाऱ्याला गाडीचं वजन, डिफरन्शियल, टायर आणि कॅमचे आकडे द्या. नुसता स्टॉल विचारून घाईघाईने पाठवणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि हो, 3000 चा स्टॉल म्हणजे 3000 होईपर्यंत गाडी हलत नाही, असं अजिबात नाही. हलक्या पायाने ती 1500 लाही निघते, फक्त घसरण जास्त. दादाचंही एक म्हणणं बरोबर होतं, ते इथे कबूल करतो: माझ्याकडे गिअरबॉक्सच्या ऑइलला रेडिएटरमधला कूलर सोडला तर वेगळा कूलर नव्हता. तो आधी लावला असता तर 130 दिसले नसते. तुम्ही कुठलाही स्टॉल घ्या, कूलर आधी लावा.

माझ्या इंजिनासाठी 2200 चा बनवून घेतला, तेव्हा बसवायला दादालाच बोलावलं. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसायला हाताने फिरवत तीनदा ‘टक’ व्हावं लागतं. मी दुसऱ्या टकला खूश होऊन बोल्ट शोधायला निघालो होतो, त्याने हात धरला. तसेच आवळले असते तर पंप फुटला असता.

जुना कन्व्हर्टर अजून फळीवर आहे. त्यावर मी मार्करने लिहिलंय: ‘300 ला 2600, 500 ला 3300’. त्याच्याखाली दादाच्या अक्षरात: ‘2600’.