नाव चाकूचं, काम किरणांचं

प्रश्न : आईच्या (वय ६८) गालात विजेसारखी कळ येते. भाकरीचा घासही चावता येत नाही. गॅमा नाईफमध्ये डोकं उघडतात का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही हो, ताई. टाकाही घालावा लागत नाही. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे सुमारे २०० बारीक किरण चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या मुळाशी एकवटतात. स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. डोक्याला चार स्क्रूंनी चौकट बसवतात. जागा बधिर केली तरी दाब जाणवतो, हे आईंना आधीच सांगा. माझ्या सांगलीच्या ओपीडीतल्या आजींनी परतल्यावर पदर सारून कपाळावरच्या दोन बारीक खुणा दाखवल्या होत्या. गुण यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तोवर गोळ्या मनाने बंद करू नका! गाल थोडा बधिरही होऊ शकतो.