फ्लाइट लेट झाली की मग कळतं

प्रश्न : नमस्कार दादा, तुमचं कामासाठी सारखं विमानाने जाणं-येणं असतं म्हणून विचारते. आईबाबांना दिवाळीनंतर इंदूरहून पुण्याला पाठवायचंय, दोघंही पहिल्यांदाच विमानात बसणार. सर्व्हिस कोणाची चांगली? घरात प्रत्येकजण वेगळंच नाव सांगतोय.
– एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : ताई, एक नाव नाही सांगत, कारण तीच कंपनी सकाळी छान वागते आणि रात्री कोणी ओळख देत नाही असं मी खूपदा पाहिलंय. आणि खरं तर माझ्या अनुभवावर जाऊही नका. जो सारखा उडतो त्याच्याकडे कंपनीचं कार्ड असतं, कुठल्या काउंटरला जायचं, काय मागायचं हे त्याला पाठ असतं, त्याचं काम होऊन जातं. सर्व्हिस कशी आहे ते पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला काय वागणूक मिळते त्यावरून ठरवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. सीट मऊ होती का, सँडविच गरम होतं का, हे एवढ्याशा प्रवासात कोणाच्या लक्षात राहतं? काही बिघडलं तर कोणी येऊन खरं काय ते सांगतं का, ते महत्त्वाचं.

तुमच्या हातात आहे ती वेळ. शक्यतो सकाळची फ्लाइट घ्या. एकच विमान दिवसभर ह्या गावाहून त्या गावाला फेऱ्या मारत असतं, मधे जेमतेम अर्धा तास थांबतं, त्यामुळे सकाळी कुठेतरी पाऊण तास गेला की तो भरून निघत नाही, पुढे पुढे सरकत संध्याकाळच्या लोकांच्या माथी येतो. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, दर महिन्याला वक्तशीरपणाचे आकडे काढते खरी (१५ मिनिटांपर्यंत उशीर असेल तरी फ्लाइट वेळेवर धरतात), पण ते मोठ्या मेट्रो एअरपोर्टांचे, आपल्या इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाचे त्यात नसतात. म्हणून बुक करण्याआधी फ्लाइट ट्रॅकिंगच्या अ‍ॅपवर त्या नंबरची फ्लाइट गेले काही दिवस किती वाजता सुटली ते बघा, जाहिरातीपेक्षा ते जास्त खरं.

आणि आईंचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर आधीच मागा, निदान ४८ तास आधी. नुसतं ‘व्हीलचेअर पाहिजे’ म्हणू नका, जिना चढता येतो की नाही तेही सांगा, कारण एरोब्रिज (इमारतीतून थेट विमानात जायचा बोगदा) नसला तर विमानाच्या पायऱ्यांपाशी येऊन सगळं अडतं.

प्रश्न : मुंबईहून इंदूरला येताना संध्याकाळची फ्लाइट आधी अर्धा तास लेट, मग अजून अर्धा तास, असं करत करत चार तास गेले. विचारलं तर ‘सर, अपडेट आला की सांगतो’. पाण्याची बाटली दिली फक्त. आपला काही हक्क असतो का, की गुपचूप बसायचं?
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : गुपचूप नाही बसायचं. अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल, म्हणजे आपली इंदूर-मुंबई त्यात आलीच, तर २ तास किंवा जास्त उशीर झाला की वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणंपिणं देणं डीजीसीएच्या नियमात आहे. तुम्हाला ते मागायला लागायलाच नको होतं, पण मागावं लागतं, आणि जो मागतो त्यालाच कूपन मिळतं हे बघून मला खरंच राग येतो, शेजारी एखादे आजोबा तसेच उपाशी बसलेले असतात आणि त्यांना असं काही मिळतं हेच माहीत नसतं. ६ तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड, यातलं काय हवं ते प्रवाशाने निवडायचं. रात्री ८ ते पहाटे ३ मधली फ्लाइट ६ तासांच्या वर लेट झाली तर हॉटेलची सोय पण कंपनीनेच करायची.

पण तुमचा खरा त्रास भुकेचा नाहीये, तो अर्ध्या-अर्ध्या तासाचा आहे. तुमचं विमान अजून दुसऱ्या शहरातून निघालेलंच नाही हे कंपनीच्या कंट्रोल रूमला ठाऊक असतं, मग बोर्डावर अर्धा तास कशाला लावता? सरळ सांगा चार तास लागतील, माणूस घरी फोन करेल, जेवून घेईल, लहान मूल असेल तर त्याला झोपवेल. ही माहिती द्यायला एक रुपया लागत नाही आणि माझ्या हिशोबाने हीच सगळ्यात मोठी सर्व्हिस आहे. आपल्यापुरतं एक करता येतं, ट्रॅकिंग अ‍ॅपवर आपलं विमान आत्ता कुठे आहे ते बघायचं. काउंटरवरच्या मुलीवर मात्र ओरडू नका, तिला वरून जेवढं कळवतात तेवढंच ती सांगू शकते, तिच्याकडून ड्यूटी मॅनेजरचं नाव घ्या आणि त्याच्याशी बोला.

प्रश्न : दिल्लीची फ्लाइट रद्द झाली, आम्हाला एअरपोर्टवर जाऊन कळलं! कंपनी म्हणते मेसेज पाठवला होता. तिकीट ट्रॅव्हल एजंटकडून काढलं होतं. भरपाई मिळेल का?
– एक वाचक, विजयनगर

उत्तर : आधी एजंटला विचारा की बुकिंगमधे नंबर कोणाचा टाकला होता. बहुतेक त्याचाच असेल आणि मेसेज त्याच्या फोनवर पडून असेल. ही गोष्ट छोटी वाटते पण संपर्काची नीट माहिती दिली नसेल तर भरपाई देणं लागत नाही असं नियमातच आहे. पुढच्या वेळी एजंटसमोर बसून आपला मोबाईल टाकायला लावा.

नंबर तुमचाच असेल आणि २४ तास आधीपर्यंत कळवलं नसेल तर दुसरी फ्लाइट किंवा रिफंड, आणि त्याशिवाय भरपाई. १ ते २ तासांच्या प्रवासाला ७,५०० रुपये किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते. धुकं, एअर ट्रॅफिक कंट्रोल, सुरक्षा अशा कारणाने रद्द झाली असेल तर भरपाई नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचं कारण बऱ्याचदा खरंच असतं. तेव्हासुद्धा रिफंड किंवा दुसरी फ्लाइट हा हक्क तुमचाच, आणि पैसे एजंटकडे अडकले तरी ते परत मिळवून द्यायची जबाबदारी एअरलाइनची.

आधी कंपनीला लेखी कळवा, मग तिच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणारा अधिकारी), तरी हलले नाहीत तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. पीएनआर (बुकिंगचा नंबर), बोर्डिंग पास, मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आणि ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर दिल्लीच्या चकरा नकोत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच, म्हणजे इंदूरच्या जिल्हा आयोगात केस करता येते.

प्रश्न : बॅग फुटलेली मिळाली. घरी आल्यावर लक्षात आलं. आता काय?
– एक वाचक, पलासिया

उत्तर : आजच फोटो आणि बॅगेच्या टॅगसकट कंपनीला ईमेल करा, पण केस कमजोर झाली हे खरं. बेल्टवरून बॅग उचलली की तिथेच चारी बाजूंनी बघायची, चाकं, हँडल, चेन सगळं. काही तुटलं असेल किंवा बॅग आलीच नसेल तर बाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे बॅगेच्या तक्रारीचा रिपोर्ट, लिहून घ्यायचा आणि त्याची कॉपी खिशात टाकायची. ‘घरी जा, आम्ही फोन करतो’ म्हणाले तरी कॉपी घेतल्याशिवाय हलायचं नाही.