वाचकांचे प्रश्न : सोनेरी ब्रॅकेटची जोडी

प्रश्न : इथल्या एका लिलावात लाकडी भिंत-ब्रॅकेटची, म्हणजे शोभेच्या वस्तू ठेवायला भिंतीवर टांगायच्या छोट्या कोरीव फळ्यांची, जोडी घेतली. वर पॅगोड्यासारखं छत, बाजूला लांब चोचीचे पक्षी, सगळीकडे सोन्याचा वर्ख. यादीत ‘चिनी धाटणी, १७६०च्या सुमारास’ असं आहे. खरं कसं मानायचं? आणि काळवंडलेला भाग ओल्या फडक्यानं पुसू का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : पुसू मुळीच नका. त्या काळी लाकडावर खडू आणि सरसाचे थर देत, त्यावर तांबूस मातीचा लेप, मग पाणी मारून वर्ख बसवत आणि अकीकानं घोटत. सगळं सरसावर टिकलेलं असतं, त्यामुळे ओलं फडकं फिरलं की वर्ख जातो आणि खालची लाल माती उघडी पडते. तेलावर बसवलेला वर्ख पाण्याला जरा टिकतो, पण एकाच नगावर दोन्ही पद्धती सापडतात, तेव्हा अंदाज बांधू नका. आधी टॉर्च तिरका मारून पाहा. पापुद्रे उचललेले दिसले तर ब्रशही लावू नका, दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराला दाखवा. नसतील तर मऊ केसांच्या ब्रशनं धूळ उडवा आणि मलमल बांधलेलं व्हॅक्यूमचं तोंड जवळ धरा.

काळे-हिरवट डाग बहुधा नंतर कुणी फासलेल्या पितळी भुकटीच्या रंगाचे असतील. सोनं असं काळवंडत नाही. बाजारातला सोनेरी रंग वर आणखी मारलात तर पुढच्या माणसाचं काम दुप्पट होईल.

आता वय. नक्षीवरून ते ठरत नाही. थॉमस जॉन्सन या लंडनच्या लाकूड कोरणाऱ्या कारागिराचे १७५०च्या दशकातले अशा धाटणीचे आराखडे १८३०च्या दशकात चिपेंडेल या त्याच काळातल्या नामांकित फर्निचरकाराच्या नावावर पुन्हा छापले गेले आणि त्यावरून नवी कामं झाली. म्हणून ब्रॅकेट उलटं करा. पाठीवर हातहत्यारांच्या खुणा हव्यात. कमानीसारखे समांतर ओरखडे म्हणजे गोल करवत, म्हणजे १९वं शतक किंवा तो भाग नंतर बदललेला. मग भेगा पाहा. कोरलेलं लाकूड रेषांच्या दिशेनं तडकतं. खडू, सरस, राळ आणि जवसाच्या तेलाचा लगदा साच्यात दाबून केलेल्या नक्षीला थोड्या-थोड्या अंतरावर आडवे तडे जातात. दोन्ही पक्षी पिसापिसानं तंतोतंत सारखे असले तर साच्याचा संशय घ्या. हातानं कोरलेल्या जोडीत थोडा फरक राहतोच.

टांगताना खोली गरम करणाऱ्या रेडिएटरच्या वरची भिंत टाळा. कोरड्या उष्णतेनं लाकूड आकसतं, खडूचा थर आकसत नाही, आणि पापुद्रे सुटतात. आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांत स्थिर असावी. वर जड फुलदाणी ठेवायची असेल तर आधी पाठीमागचे जुने सांधे हलतात का तपासा.