दोघांची पहिली परदेशी सायकल-सहल

तुम्ही दोघं पहिल्यांदाच सायकल घेऊन परदेशात निघताय, तर आल्प्सचे घाट सध्या राहू द्या. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबकाठचा रस्ता धरा. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आणि नदीच्या वाहत्या दिशेनं, त्यामुळे चढ फारसा लागत नाही. रोज ५० किलोमीटर केले तरी आठवड्यात आरामात होतं. सायकली तिथेच भाड्यानं घ्या.

खरी तयारी मात्र सोलापुरातच करायची. सामान लादून तुळजापूरला जा, मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सायकलवरच परत या. पहिला दिवस सगळ्यांनाच जमतो. दुसऱ्या सकाळी सीटवर बसताना खरं काय ते कळतं.

आणि वेग ठरवायचा तो मागे राहणाऱ्यानं. सुरुवातीला मी पुढे जाऊन झाडाखाली हिची वाट बघायचो. ती पोचली की लगेच निघायचो, म्हणजे विश्रांती मिळायची ती मलाच. हे लक्षात यायला मला फार उशीर लागला. आता ती पुढे असते, मी मागे.

शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनी-ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

तिकडे वाहतूक उजवीकडून चालते. पहिल्या दिवशी चौकात उतरून, सायकल हातात धरूनच रस्ता ओलांडा. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवा. ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक किराणा दुकानं बंद असतात.