रिकाम्या कळशीचं वजन

गेल्या अंकात आमच्या संचाची ओळख छापून आली होती: पाच नट, संवाद जवळजवळ नाहीत, विनोद सगळा अंगाने आणि नाटकं आम्हीच रचलेली. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे.

आम्ही डोंबिवलीचे पाच विद्यार्थी एकांकिका स्पर्धांसाठी बिनसंवादाचं विनोदी नाटक करतो. तालमीत मित्र हसून लोळतात, स्पर्धेत मात्र प्रेक्षागृह गप्प असतं. हशा जातो कुठे?

तालमीला बसलेले मित्र तुम्हाला ओळखतात. वर्गातला लाजाळू मुलगा गुंडासारखा चालला की त्यांना तेवढ्यानेच हसू फुटतं. परक्या प्रेक्षकाला तो लाजाळू आहे हे ठाऊकच नसतं. त्याच्यासमोर सगळं मुळापासून उभं करावं लागतं आणि त्याची सुरुवात वजनापासून होते.

आमच्या एका नाटकात पहाटेची चाळ आहे. पाणी आलंय आणि एक बाई भरलेली कळशी घेऊन जिना चढते आहे. कळशी खरं तर रिकामी असते. पण तिची कंबर कळशीपासून दूर झुकते, मोकळा हात बाहेर जातो, पाऊल आधी पायरीवर टेकतं आणि मग अंग वर येतं. जिन्यातून उतरणाऱ्या शेजाऱ्याच्या हातात ती कळशी देते. ज्या क्षणी कळशी तिच्या हातातून सुटते, त्याच क्षणी ती हलकी होऊन वर आली पाहिजे आणि शेजारी गुडघ्यात दबला पाहिजे. दोघांमध्ये जराशी फट पडली तरी प्रेक्षकाला कळून चुकतं की आत पाणी नाही. मग पुढे तो शेजारी अख्खा जिना गडगडत खाली गेला तरी कुणी हसत नाही, कारण सांडण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ही देवाणघेवाण आम्ही आधी खरोखर भरलेल्या कळशीने करतो. मग दर खेपेला थोडं पाणी कमी करत रिकाम्या कळशीपर्यंत येतो. अंगाला वजन लक्षात राहतं. तुम्हीही गच्चीवर करून बघा, चपला घालू नका.

दुसरी गोष्ट थांबण्याची. तुम्ही पाच जण आहात आणि पाचही जण एकाच वेळी काहीतरी करत असणार, असा माझा अंदाज आहे. प्रेक्षकाची नजर एका वेळी एकाच ठिकाणी जाते. एक जण हलत असताना बाकी चौघांनी थांबायचं आणि त्याच्याकडे बघायचं. ते चौघे जिथे बघतात तिथेच प्रेक्षक बघतो. नजरेलाही क्रम असतो. आधी वस्तूकडे बघायचं, मग प्रेक्षकाकडे आणि त्यानंतर प्रतिक्रिया. मधलं बघणं गाळलंत तर प्रेक्षकाला विचार करायला जागाच मिळत नाही, आणि हसू त्याच जागेत येतं.

हशा आला की तो पूर्ण विरेपर्यंत थांबू नका. तो चढतो, टोकाला जातो आणि उतरायला लागतो. उतरायला लागला की पुढची हालचाल सुरू करा. स्पर्धेत वेळेचं बंधन असतं, म्हणून मुलं थांबण्याच्या जागा कापतात. हे मला मनापासून खटकतं. वेळ कमी पडत असेल तर एक अख्खी गंमत काढून टाका, पण उरलेल्या गमतींचे श्वास कापू नका.

माझी बावीस वर्षांची मुलगी अशाच एका गटात काम करते. घरी येते तेव्हा कोपरावर, मांडीवर निळे डाग असतात. चापट्या, केस ओढणं, पडणं, हे सगळं खरंच असतं का? मला काळजी वाटते. (लालबाग)

ताई, काळजी रास्त आहे. काय बघायचं आणि काय विचारायचं ते सांगते.

रंगमंचावरच्या मारामारीत सगळा ताबा मार खाणाऱ्याकडे असतो. केस ओढण्याचंच घ्या. ओढणारा नुसती बंद मूठ डोक्यावर टेकवतो, केस धरत नाही. जिचे केस ओढले जातात ती दोन्ही हातांनी त्याचं मनगट आपल्या डोक्यावर दाबून धरते आणि स्वतःच फरपटत निघते. ती थांबली की तो थांबतो. चापटीत हात चेहऱ्याला लागतच नाही. आवाज बहुधा मार खाणाराच काढतो, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या बाजूला टाळी वाजवून किंवा छातीवर थाप मारून. मारणाऱ्याने आधी तिच्या डोळ्यांत बघायचं, तिने तयार असल्याची खूण द्यायची आणि मगच हात उचलायचा. हे प्रत्येक प्रयोगात करायचं, शंभराव्या प्रयोगातसुद्धा.

पडण्याचंही शास्त्र आहे. आधी गुडघे वाकवून जमिनीजवळ यायचं, हनुवटी छातीकडे घ्यायची, श्वास सोडत सोडत पिंढरी, मांडीची बाहेरची बाजू, कुल्ला अशा मांसल भागांवरून वळत खाली जायचं. मनगट, कोपर, गुडघा आणि माकडहाड जमिनीवर आपटता कामा नये. मांडीवरचा एखादा डाग तालमीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी समजू शकते. पण कोपरावर वारंवार डाग येत असतील, तर ती हातावर पडते आहे आणि तिला ते कुणी सुधारून देत नाहीये.

तिला विचारा: पडण्याची तालीम गादीवर सुरू होते का? प्रयोगाआधी सगळ्या मारामाऱ्या एकदा संथ गतीने करून बघतात का? 'आज नको' म्हणायची मुभा आहे का? मुंबईत बहुतेक छोट्या गटांच्या तालमी फरशीवर होतात, लाकडी फळ्यांची जमीन फार थोड्यांच्या नशिबी. जागा परवडत नाही हे मी रोज अनुभवते. पण गादी परवडत नाही असं म्हणणाऱ्या गटात तिला राहू देऊ नका.

आमच्या नाटकाची लिखित संहिता नाही, तालमीत सुचत गेलं तसं उभं राहिलं. आता गट सोडून गेलेला एक जण आमचा प्रवेश दुसरीकडे करतो आहे. नाटक नेमकं कुणाचं? (ठाणे)

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यातल्या नाट्यकृतीच्या व्याख्येत मूकनाट्यही येतं. अट एवढीच की त्याची रचना किंवा अभिनयाचं रूप लिहून अथवा अन्य प्रकारे नक्की केलेलं असावं. निव्वळ कल्पनेला संरक्षण नसतं. केळ्याच्या सालीवरून घसरणं कुणाच्याही मालकीचं नाही. घसरण्याआधीची, घसरतानाची आणि नंतरची तुमची नेमकी रचना मात्र तुमची असू शकते. सगळ्यांनी मिळून रचलेल्या आणि कुणाचा वाटा कोणता हे वेगळं काढता न येणाऱ्या कृतीला कायदा संयुक्त कर्तृत्व मानतो. याचा अर्थ गेलेला माणूसही कदाचित तिचा एक कर्ता आहे. म्हणून भांडणाआधी त्याच्याशी बोला. प्रकरण वकिलाकडे गेलंच, तर कागद आणि चित्रफीत बरोबर न्या.

पुढच्या नाटकाच्या पहिल्या तालमीलाच एका पानावर लिहा: श्रेय कुणाला, गट सोडला तर काय, मानधनाची वाटणी कशी. सगळ्यांच्या सह्या घ्या. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणारे भेटतील. मैत्री टिकावी म्हणूनच कागद हवा, असं माझं ठाम मत आहे.

संहिता लिहायला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. आम्ही पानाचे दोन भाग करतो. डावीकडे कोण काय करतं, उजवीकडे आवाज, संगीत आणि मोजणी. 'विनोदी पद्धतीने पडतो' असं कधीच लिहीत नाही. 'डावा पाय बादलीत, चार मोजेपर्यंत स्थिर, प्रेक्षकाकडे नजर, मग उजवा पायही बादलीत' असं लिहितो. नवा नट आला की त्याला याच पानावरून शिकवता येतं.

विदूषकाचं लाल नाक, मुखवटे, हे सगळं परदेशी शिक्षण. मराठी नाटकात ते उपरं वाटत नाही का? (विलेपार्ले)

परदेशातून आलेलं मी नाकारत नाही. झाक लकॉक हे मूळचे व्यायाम आणि खेळांच्या शिक्षणातले. त्यांनी १९५६ साली पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली. तिथे विद्यार्थ्यांचे छोटे गट शिक्षकांशिवाय आपापले प्रवेश रचतात आणि मग सगळ्यांपुढे दाखवतात. आमची कामाची रीत तिथूनच आली आणि ते मी आदराने सांगते.

पण अंग आमचं इथलंच आहे. नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यांत आंगिक, म्हणजे अंगाने केलेला, आहेच. गवळणीतला पेंद्या आणि मावशी बघा, वगातला सोंगाड्या बघा, नमन-खेळ्यांतला काळ्या वेषातला संकासुर बघा. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी हे खेळ लालबाग-परळमध्ये आणले आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणी मंडळांचे प्रयोग वर्षानुवर्षं झाले. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये नटांच्या रांगेचाच पडदा झाला होता. कृष्णदेव मुळगुंदांची ती नृत्यरचना पाहिलेल्यांना शारीरिक रंगभूमी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या संचात लाल नाक फक्त तालमीत असतं. प्रयोगात आमची बाई नऊवारी नेसते आणि कासोट्यामुळे तिला पाय हवे तसे टाकता येतात.

असा प्रयोग मुंबईत कुठे करावा?

जिथे शेवटच्या रांगेला भुवई दिसेल तिथे. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये सुमारे दोनशे खुर्च्या आहेत आणि प्रेक्षक तिन्ही बाजूंना बसतो. तिथे आम्हाला पाठीनेही अभिनय करावा लागतो. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या आवारातलं लघुनाट्यगृह आणि नरिमन पॉइंटला नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सचं (एनसीपीए) एक्सपेरिमेंटल थिएटरही या आकाराच्या नाटकाला मानवतं. मोठ्या कमानी रंगमंचावर, म्हणजे प्रेक्षक फक्त समोर बसतो तिथे, करायचंच असेल तर चापटीची आणि टाळीची बाजू नव्याने बसवा, आणि तारीख घेण्याआधी बाल्कनीच्या शेवटच्या खुर्चीवर बसून एक तालीम बघा.