जुन्या गाडीला नवं झाकण: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: आमच्याकडे १९६२ सालची ब्रिटिश सलून गाडी आहे. टाकी डिकीत, पेट्रोल भरायचं तोंड डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डवर आणि दोहोंमधला जोड रबरी नळीचा. मूळ झाकण गंजून गेलं. त्या जागी रेसच्या गाड्यांना असतं तसं, खिट्टी दाबली की उघडणारं ॲल्युमिनियमचं झाकण बसवायचं आहे. मडगार्ड कापावं लागेल का? टर्नरकडून नेमकं काय करून घ्यायचं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: मडगार्ड कापू नका. हे आधीच सांगतो, कारण बहुतेक गॅरेजमध्ये पहिला हात ग्राइंडरलाच जातो. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. तिचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला नसावा, ही तिची अट आहे. आज तुम्हाला ती नोंदणी नको असेल, पण पुढे हवीशी वाटली तर कापलेलं मडगार्ड आडवं येईल. झाकण बदलणं वेगळं आणि पत्रा कापणं वेगळं. शिवाय कापलेल्या कडेला आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत रंगाखालून फोड येतात. तेव्हा जे काही करायचं ते असं करा, की उद्या चार स्क्रू सोडले की गाडी पुन्हा पूर्वीसारखी दिसेल. जुनं झाकण भंगारात देऊ नका. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवा.

आता मापं. झाकण विकत घेण्याआधी टाकीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्या, आणि तो दोन दिशांनी घ्या. साठ वर्षं पेट्रोल पंपाचं नोझल आपटून तोंड अंड्यासारखं झालेलं असतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला तर लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने गोल करून घ्या, मगच पुढे चला. दुसरी अडचण इंच आणि मिलिमीटरची. १९६१च्या डिसेंबरपर्यंत गोव्यात गाड्या थेट परदेशातून येत, त्यामुळे इथे इंची आट्यांच्या ब्रिटिश गाड्या आणि मेट्रिक आट्यांच्या जर्मन गाड्या एकाच गल्लीत सापडतात. अडीच इंची तोंड म्हणजे ६३.५ मिमी. त्यावर ६३ मिमीचं झाकण चढत नाही आणि ६५ मिमीचं डुगडुगतं. डुगडुगणाऱ्या झाकणाखाली जाड वायसर घालून काम भागवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो वायसर पेट्रोलने फुगतो, सरकतो, आणि डाव्या मडगार्डवरच्या तोंडातून उजव्या वळणावर पेट्रोल रंगावर ओघळतं.

टर्नरकडून करून घ्यायची ती मधली बाही, म्हणजे तोंडावर चढणारी आणि वर नवीन झाकणाची फ्लँज (कडेची चपटी पाटी) पेलणारी कॉलर. ॲल्युमिनियमच्या ६०८२ किंवा ६०६१ प्रतीच्या गोल सळईतून ती होते. आतला व्यास तोंडाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी जास्त ठेवा, बाही तोंडावर निदान २० मिमी खाली यायला हवी. आतल्या भिंतीत ३ मिमी जाडीच्या ओ-रिंगसाठी (गोल रबरी कडं) खाच घ्यायला सांगा: खोली २.४ मिमी, रुंदी ४ मिमी. खोली एवढीच ठेवली की रिंग साधारण पाचवा हिस्सा दाबली जाते आणि तिथेच पेट्रोल अडतं. रुंदी जास्त कशाला, असं टर्नर विचारेलच. रिंग पेट्रोलमध्ये थोडी फुगते, तिला पसरायला जागा लागते. खाचेच्या कडा कागद घासून मोडायला सांगा, नाहीतर पहिल्याच वेळी बसवताना रिंग चिरते, आणि ती चीर बाहेरून दिसत नाही. बाही फिरू नये म्हणून बाजूने तीन ग्रब स्क्रू (डोकं नसलेले) द्या, पण ते ओ-रिंगच्या वर नकोत, खाली हवेत. त्यांचं टोक सपाट हवं, टोकदार स्क्रू तोंडाच्या पत्र्यात घुसतो.

रबराबाबत हातचं राखू नका. पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या झाकणातलं कॉर्क आणि साधं रबर त्यात टिकत नाही: आधी मऊ होतं, मग फुगतं, मग वाळल्यावर तडकतं. ओ-रिंग आणि झाकणाखालची ३ मिमीची चकती दोन्ही व्हायटनची घ्या, ते इथेनॉलमध्ये टिकणारं रबर आहे. टाकीपर्यंतची रबरी नळीही याच वेळी बदला, तिच्यावर ‘३० आर ९’ असा छाप हवा. ‘३० आर ६’ किंवा ‘आर ७’ नकोत, त्या साध्या नायट्राइल रबराच्या असतात. झाकण कशाचं आहे हेही बघून घ्या. स्वस्तातली चकचकीत झाकणं बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, वर क्रोमचा मुलामा. इथेनॉलमध्ये आलेलं पाणी त्यांना आतून खातं आणि करडी भुकटी थेट टाकीत पडते. झाकणाच्या आतल्या बाजूला चाकूने बारीक ओरखडा काढा. आत पिवळसर दिसलं तर पितळ, चमकदार पांढरं आणि हाताला हलकं लागलं तर ॲल्युमिनियम, निस्तेज करडं आणि जड लागलं तर दुकानदाराला परत द्या.

ॲल्युमिनियमची बाही, लोखंडी मडगार्ड आणि स्टेनलेसचे स्क्रू या तिघांच्या मध्ये खारं दव बसलं की ॲल्युमिनियम मरतं. स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी पावडर दिसू लागली की समजावं, काम सुरू झालं आहे. म्हणून फ्लँज आणि रंग यांच्यामध्ये नायट्राइलची पातळ गादी, स्क्रूखाली नायलॉनची वायसर, आट्यांना लॅनोलिनचं ग्रीस. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या, मालिम किंवा कुटबण जेटीजवळ ट्रॉलरचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा. बाजारातले ३०४ प्रतीचे समुद्राकाठी तांबूस डाग धरतात.

पण इतकं सगळं रबर आणि नायलॉन घातलं की झाकण आणि तोंड बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटतं. भरताना नोझल आणि तोंड यांच्यात स्थिर विजेची ठिणगी पडू शकते, तीही नेमकी जिथे पेट्रोलची वाफ सर्वांत दाट असते तिथे. म्हणून बाहीपासून बॉडीच्या उघड्या धातूपर्यंत २.५ चौरस मिमीची तांब्याची तार, दोन्ही टोकांना कथिल चढवलेले लग (स्क्रूसाठी भोक असलेली धातूची टोकं). नंतर मल्टीमीटर लावा: झाकण ते चॅसी रोध एक ओहमच्या आत हवा. हे काम विसरलं जातं ते दिसत नाही म्हणून. झाकण बसवणाऱ्याला याची आठवण तुम्हीच करून द्या.

बसवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, टाकी उघड्या जागेत रिकामी करा, आणि तिथे ड्रिलसुद्धा चालवू नका. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड असते, ती डिकीच्या तळाशी साचून राहते. ‘टाकी रिकामी आहे, आता वेल्डिंगला काय हरकत’ हा समज जीवघेणा आहे. भरलेल्या टाकीत जळायला हवा नसते, रिकामीत असते.

बाही, रिंग आणि झाकण आधी गाडीबाहेर जोडा. झाकण बंद करून सगळं उलटं धरा, खालच्या तोंडातून १०० मिली रॉकेल ओता, आणि वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवा. कागदावर रॉकेलचा डाग पडला की कुठून ते लगेच कळतं. दुसरी परीक्षा खिट्टीची. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी झाकण आणि बैठकीमध्ये ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. घड्याळाच्या काट्यांसारखं फिरत आठ ठिकाणी हे करा. सगळीकडे सारखी ओढ लागायला हवी. बिजागरीच्या बाजूला पट्टी घट्ट आणि खिट्टीच्या बाजूला सैल निघाली तर चकती जाड आहे, झाकण तिरपं बसतंय. स्प्रिंग कडक करून हे सुटत नाही, चकती बदला.

हवेची वाट हा उरलेला भाग, आणि त्याचं उत्तर खालच्या प्रश्नातही येईल. टाकीला हवा आत घेणारी स्वतंत्र (ब्रीदर) नळी असेल तर झाकण बंद प्रकारचं हवं. नसेल तर झाकणातच १ ते १.५ मिमीचं भोक, पण सरळ आरपार नव्हे, आत पडदा असलेलं. सरळ भोक पावसाळ्यात टाकीत पाणी देतं. मडगार्डच्या वरच्या बाजूला झाकण खळगीत बसत असेल तर खळगीच्या तळातून ८ मिमीची निचऱ्याची नळी चाकाच्या मागे खाली सोडा. मडगार्डच्या वक्रावर फ्लँज टेकत नसेल तर रंगाला लावून कागदी साचा काढा आणि त्यावरून रबराची गादी कापा. स्क्रू ओढून पत्रा वाकवू नका.

प्रश्न: बंद कुलुपाचं नवं झाकण लावल्यापासून माझी गाडी १५–२० किलोमीटर गेली की धाप लागल्यासारखी अडखळते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मेकॅनिकने पंप आणि कार्बोरेटर दोन्ही उघडले, उपयोग नाही.
— एक वाचिका, फोंडा

उत्तर: पंप आणि कार्बोरेटर पुन्हा बंद करा, दोष तिथे नाही. पुढच्या वेळी गाडी अडखळली की इंजिन बंद करायच्या आधी झाकण सोडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी सावरली तर निदान झालं. ताशी १० लिटर पेट्रोल ओढलं गेलं तर टाकीत दर सेकंदाला साधारण ३ मिलिलिटर हवा यायला हवी. तुमच्या जुन्या झाकणात त्यासाठी भोक होतं, नव्यात नाही. टाकीत निर्वात वाढत जातो, यांत्रिक पंप त्याच्याशी झगडत राहतो. दहा मिनिटांत हवा कुठून तरी झिरपते, म्हणून गाडी पुन्हा सुरू होते. फार दिवस असंच चाललं तर टाकीचा पत्रा आत बसतो आणि काट्याचा तरंगता गोळा तळाला टेकून पेट्रोल मीटर खोटं दाखवू लागतो.

उपाय म्हणजे त्याच आकाराचं हवेच्या झडपेचं झाकण. असलेल्या झाकणाला भोक पाडायचं असेल तर ते गाडीवरून काढून, वाळवून, आणि कुलुपाच्या कप्प्यात चुरा जाणार नाही अशा जागी. भोकाचा व्यास १ मिमी पुरे, मोठं केलं की वळणावर पेट्रोल बाहेर येतं.

प्रश्न: माझी फोक्सवॅगन बीटल १९६५ची. नवं झाकण लावलं, तरी टाकी भरली की दोन दिवस गाडीत पेट्रोलचा वास येतो. कशामुळे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: १९६७पर्यंतच्या बीटलमध्ये टाकी आणि तिचं तोंड दोन्ही पुढच्या बॉनेटखाली. १९६८च्या मॉडेलपासून तोंड उजव्या बाजूला, पुढच्या मडगार्डच्या वरच्या बॉडीच्या पत्र्यावर बाहेर आलं. तुमच्या गाडीत झाकणातून झिरपलेली वाफ आधी बॉनेटखालच्या डिकीत आणि तिथून डॅशबोर्डखालून आत येते.

भरून आणता ही पहिली चूक. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारातला एक भाग फुगतं. जमिनीखालच्या टाकीतलं २५ अंशांचं ४० लिटर पेट्रोल उन्हात ४५ अंशांवर गेलं की पाऊण लिटरहून जास्त वाढतं. तोंडापर्यंत भरलेल्या टाकीत ते जाणार कुठे? नोझल पहिल्यांदा बंद झालं की थांबायला सांगा, आणि ‘राउंड फिगर’ करू देऊ नका.

तरीही वास राहिला तर तोंडाच्या कडेवरून नखाने हळू फिरवा. टोकाला खड्डा किंवा पोचा लागला तर नवं झाकण तिथेच गळतं. बारीक खड्डा सपाट काचेवर ४०० नंबरचा पाणी-कागद ठेवून निघतो, पण त्यासाठी टाकी काढावी लागते. त्याआधी खडूची पूड तोंडाभोवती, नळ्यांच्या जोडांवर आणि टाकीच्या काठावर शिंपडा आणि गाडी रात्रभर ठेवा. सकाळी जिथली पूड ओली किंवा गडद, तिथे गळती. झाकण निर्दोष निघालं तर टाकीवरची वाफेची रबरी नळी तपासा. ती कडक पडली असेल तर क्लिप आवळण्याऐवजी बदला, आवळल्याने क्लिपच्या कडेला नवी चीर पडते.

प्रश्न: पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी होती. टाकीत पाणी गेलं असावं असं वाटतं. घरच्या घरी कसं पाहायचं?
— एक वाचक, काणकोण

उत्तर: टाकीच्या तळाच्या निचऱ्याच्या बोल्टमधून अर्धा लिटर पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा आणि सावलीत अर्धा तास ठेवा. गढूळ राहिलं किंवा खाली वेगळा थर बसला तर पाणी आहे. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये हा थर नुसत्या पाण्याचा नसतो. पाणी इथेनॉलला सोबत घेऊन खाली बसतं, म्हणून वरचं पेट्रोल ‘चांगलं’ दिसत असलं तरी त्यातून इथेनॉल गेलेलं असतं. ते वापरू नका. पुन्हा भरण्याआधी झाकणाखालची चकती काढून बघा: तिच्यावर एका बाजूला गंजाची रेघ दिसली तर पाणी तिथूनच येत होतं. चकती बदला, आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी तीन चतुर्थांश भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा जास्त राहते आणि रात्रीच्या गारव्यात तिचंच पाणी होतं.