पाळी जाताना बीपी वाढलं: गोळी घ्यावी की वाट बघावी?

वयाने दहा वर्षांनी तरी लहान आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणते. तुझं म्हणणं असं: वय 48, आठ महिने पाळी मागेपुढे, रात्री घामाने गाऊन भिजतो, भांडुपच्या डॉक्टरांकडे बीपी 152/96 निघालं, दुसऱ्या खेपेलाही तेवढंच. त्यांनी गोळी लिहून दिली. सासूबाई म्हणतात पाळी जाताना असं होतंच, आपोआप उतरतं, त्यांचंही उतरलं. मैत्रीण म्हणते हार्मोनची गोळी घे, बीपीसकट सगळं थांबेल. आणि चिठ्ठी तीन आठवडे पर्समध्येच आहे.

माझ्याकडे तर चिठ्ठीही नव्हती. सत्तेचाळिशीत कान गरम व्हायचे, छातीत धडधडायचं, दादरचा पूल चढताना मध्येच कठडा धरून उभी राहायचे. सगळं पाळीच्या खात्यावर टाकलं. वर्षभराने दाढ काढायला गेले, तर डेंटिस्टने आधी दंडाला पट्टा लावला. 168/102. दाढ न काढताच परत पाठवलं. चिडचिड झाली तेव्हा, पण ती दाढ दुखली नसती तर मी अजून वर्षभर तशीच फिरले असते.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या अंगातलं मुख्य हार्मोन, पुरेसं असतं तोवर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नीट सुटतं आणि वाहिन्या सैल राहतात. ते कमी झालं की वाहिन्या ताठरायला लागतात, अंगाला मीठ जास्त बाधतं, पोटाचा घेर वाढतो, झोप मोडते, आणि यातली प्रत्येक गोष्ट बीपी वर ढकलते. म्हणून तर पन्नाशीच्या आत पुरुषांचं बीपी जास्त असतं आणि साठीनंतर बायका त्यांना गाठतात. पण 'आपोआप उतरतं' हे चूक. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन परत येत नाही, वयही मागे जात नाही.

घाम आणि बीपी मात्र वेगळं धर. गरम वाफा येतात त्या मेंदूतलं तापमानाचं केंद्र हळवं झाल्यामुळे, आणि त्या काही मिनिटांत ओसरतात. बीपीचं बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. त्यामुळे वाफा थांबल्या म्हणजे बीपी उतरलं असं समजू नकोस. माझ्या वाफा तीन वर्षांत थांबल्या, गोळी अजून चालू आहे.

आता गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवायला घरचे आकडे काढ. मनगटावरचं मशीन नको, दंडावरचं घे, आणि पट्टा तुझ्या दंडाला पुरतोय ना ते दुकानातच लावून बघ. लहान पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. अर्धा तास आधी चहा नाही, लघवी करून यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजत घेतलेलं बीपी धरत नाहीत! अंगात गरम वाफ येत असतानाही घेऊ नकोस. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून, असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. दवाखान्यात 140/90 ही रेघ धरतात, घरी 135/85. दवाखान्यात घाबरून वाढणारं बीपी असेल तर इथे कळेल. पण 180/120 च्या वर गेलं आणि छातीत दुखलं, दम लागला, बोबडी वळली किंवा एक बाजू लुळी वाटली, तर वही बाजूला ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात. 108 ला फोन कर.

घरातल्या औषधांचा डबाही एकदा उपडा कर. माझ्या डब्यात गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक निघालं, आठवड्यातून चार-पाच वेळा घेत होते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या बीपी वाढवतात, हे मला डेंटिस्टनंतर गाठलेल्या फिजिशियनने सांगितलं, केमिस्टने कधीच नाही. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असशील किंवा काढ्यात घालत असशील तर तेही थांबव; आयुर्वेदिक असलं तरी त्याने पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. आणि पाळी मार्गी लावायला कुणी गोळी दिली असेल तर तिच्यात इस्ट्रोजेन आहे का ते विचार. गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन बीपी वाढवू शकतं, वाढलेल्या बीपीत ती टाळतात.

मैत्रिणीच्या हार्मोनच्या गोळीबद्दल. वाफा, न लागणारी झोप, कोरडेपणा यांवर हार्मोन थेरपीसारखं दुसरं औषध नाही. 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर सगळे तिला घाबरले, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास खरंच जास्त असेल तर आज बऱ्याच जणींना ती देतात. फक्त ती बीपीचं औषध नव्हे. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे बीपी वाढवणारं प्रथिन वाढवतं. त्वचेवर लावायच्या जेलने किंवा चिकटपट्टीने हे फारसं होत नाही. तेव्हा आधी बीपी आवाक्यात आण, मग स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोल. स्तनाचा कॅन्सर, पायात गुठळी असं काही झालेलं असेल तर पहिल्या वाक्यातच सांग. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, हेही. ते खूप जणी विसरतात आणि त्याचा आताशी थेट संबंध असतो.

मिठाचं तुला माहीतच असेल: दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, घरादाराचं नव्हे, एकीचं. आमच्याकडे भाजीतलं मीठ कधीच प्रश्न नव्हतं. लोणचं, पापड, खारवलेले बोंबील आणि ऑफिसच्या ड्रॉवरमधलं फरसाण, तिथे गोम होती. सैंधवानेही फरक पडत नाही, तेही मीठच.

गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही, ही भीती मलाही होती. वजन उतरलं, चालणं वाढलं तर डोस कमी होतो, कधी बंदही होते, पण डॉक्टरांनी बघून. बीपीच्या गोळ्यांपैकी ॲम्लोडिपिनने पाय सुजू शकतात, रॅमिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो. तसं झालं तर मनाने सोडू नकोस, बदलून माग. पाळी अजून येतेय म्हणजे दिवस राहू शकतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाल, कारण रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन गरोदरपणात चालत नाहीत. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

आणि सासूबाईंचं बीपी आपोआप उतरलं म्हणतेस, ते कुणी कधी मोजलं होतं? मशीन घरात येणारच आहे, तर पट्टा त्यांच्याही दंडाला लाव.